सणाआधीचे दिवस

अनारशाचं पीठ दिवाळीच्या आठवड्यात होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत कापडावर पसरायचे, जरा दमट असतानाच दळायचे, गूळ घालून गोळे बांधायचे आणि ते डब्यात आठवडाभर तरी मुरू द्यायचे. वसुबारसेला अनारसे तळायचे असतील तर तांदूळ त्याआधी दोन आठवडे पाण्यात पडायला हवेत. तरीही यूट्यूबवर अनारशांचे नवे व्हिडिओ धनत्रयोदशीच्या तोंडावर येत राहतात आणि त्यांच्या थंबनेलवर जाळीदार, खसखस लावलेले, नुकतेच निथळलेले अनारसे असतात. चित्र देखणं असतं, पण बघणारीच्या उपयोगाचं नसतं. तिचं पीठ एक तर डब्यात तयार आहे, नाहीतर यंदा अनारसे होणार नाहीत हे तिने मान्य केलेलं आहे. पीठ तयार असलेलीला आता एकच धास्ती असते, अनारसे तुपात हसण्याची. त्या दिवशी तिला थांबवेल असं चित्र कढईत फुटून पसरलेल्या अनारशाचं.

सणाची तारीख एकच असते, तयारीच्या तारखा मात्र अनेक. हंगामी व्हिडिओ करणारे बहुतेक जण पहिली तारीख डोळ्यांसमोर ठेवतात आणि तिच्या दोन-चार दिवस आधी व्हिडिओ टाकून मोकळे होतात. बघणारा आज तयारीच्या कुठल्या पायरीवर आहे हे ओळखलं की व्हिडिओ कधी टाकायचा ते कळतं आणि थंबनेलवर काय दाखवायचं तेही बऱ्यापैकी कळतं. म्हणूनच या प्रकरणात वेळ आणि चित्र असे दोन वेगळे भाग केलेले नाहीत.

आधी थंबनेलची ताकद किती आणि मर्यादा किती ते पाहू. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये आपल्या अभ्यासातले काही आकडे जाहीर केले होते. यादी चाळताना प्रेक्षक एका कार्यक्रमावर सरासरी १.८ सेकंद घालवतो आणि त्याचं ८२ टक्क्यांहून अधिक लक्ष चित्रावर असतं, असं त्यात होतं. यूट्यूब आपल्या मोजमापात थंबनेल ‘दिसलं’ असं धरतं ते त्याचा निम्मा तरी भाग एक सेकंदापेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहिला तरच. असं दिसलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं, हा झाला क्लिकचा दर. निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. म्हणजे चांगल्या थंबनेललाही शंभरातली नव्वद माणसं ओलांडून जातात. सणाच्या आठवड्यात तर गंमतच होते. व्हिडिओ नेहमीच्या प्रेक्षकांबाहेर, चॅनेलचं नावही न ऐकलेल्या लोकांपुढे जाऊ लागतो. व्ह्यूज वाढतात आणि क्लिकचा दर मात्र घसरतो. घसरलेला आकडा पाहून घाईघाईने थंबनेल बदलणारे पुष्कळ असतात. वाढत्या गर्दीत दर थोडा उतरणारच. घाबरायचं ते दर आणि व्ह्यूज दोन्ही एकदम पडले तर.

हंगामी चित्राने वाचकाला थांबवण्याची कला मराठी माणसाला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून दर वर्षी शरद ऋतूत स्टॉलवर मुखपृष्ठांची चुरस लागत आली आहे. दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या अंकांत दीनानाथ दलालांचं किंवा रघुवीर मुळगावकरांचं चित्र रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचं. दलालांच्या चित्रांत रंगांचे सपाट, ठाम भाग आणि एखादीच आकृती असे, त्यामुळे ती लांबूनही वाचता यायची. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने आणखी पुढची खोडी काढली, खिडकीचित्रांची. पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं आणि पान उलटलं की आत अगदी निरुपद्रवी प्रसंग निघायचा. वाचक फसायचा आणि हसायचा, कारण आपण फसणार हे त्याला माहीत असायचं. त्यासाठीच तर त्याने अंक घेतलेला असायचा.

थंबनेलची फसवणूक अशी संगनमताची नसते. ‘हा एक पदार्थ घाला आणि चकली वर्षभर कुरकुरीत’ असं लिहून आत नेहमीचीच भाजणी दाखवली, तर बघणारी दहा-पंधरा सेकंदांत निघून जाते. ती निघून गेल्याची नोंद यूट्यूबकडे होते आणि पुढे तो व्हिडिओ कमी लोकांना दाखवला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतापुरती वेगळी घोषणा केली. ठळक बातम्या आणि चालू घडामोडींच्या व्हिडिओंत शीर्षक किंवा थंबनेल जे वचन देतं ते आत नसेल, तर कारवाई कडक होईल, असं तिचं सूत्र होतं. गणेशोत्सवात हे नेमकं लागू पडतं. मोठ्या मंडळाच्या मूर्तीचं प्रथम दर्शन व्हायच्या आधीच गेल्या वर्षीच्या मूर्तीवर यंदाचं साल चिकटवून ‘पहिली झलक’ फिरू लागते. आता संगणकाने बनवलेल्या मूर्तींचीही त्यात भर पडली आहे. नियम बाजूला ठेवला, तरी देवाच्या नावावर केलेली फसवणूक लोक लवकर विसरत नाहीत. असं चॅनेल पुढच्या वर्षी खरी झलक घेऊन आलं तरी तिकडे कोण वळणार?

आता पंचांग. हंगामी व्हिडिओ करणाऱ्यांसाठी पाश्चात्त्य लेखकांनी लिहिलेली वेळापत्रकं नाताळाभोवती बेतलेली असतात आणि नाताळ २५ डिसेंबरवरून हलत नाही. आपल्याकडे असा जवळपास स्थिर सण म्हणजे संक्रांत. ती १४ किंवा १५ जानेवारीला असते, २०२४ मध्ये १५ला होती. बाकीचे बहुतेक सण चंद्राबरोबर सरकतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला येते. अशा वेळी ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात किती व्ह्यूज होते’ ही तुलना पार फसते. २०२५च्या ऑगस्टअखेरीस घराघरांत आरत्या चालू होत्या. २०२६च्या ऑगस्टअखेरीस मखरासाठी थर्माकोलला पर्याय काय, याचाच विचार चालू असेल.

यावर उपाय सोपा आहे. वहीत किंवा एक्सेलमध्ये तारखा लिहायच्याच नाहीत. लिहायचं ‘चतुर्थीआधी २१ दिवस’, ‘चतुर्थीआधी ७ दिवस’, ‘चतुर्थीची पहाट’. दोन-तीन वर्षांचे आकडे असे तिथीला बांधून मांडले की वक्र एकावर एक बसू लागतात. जोडीला गूगल ट्रेंड्सवर प्रदेश महाराष्ट्र आणि शोधाचा प्रकार यूट्यूब निवडून ‘मोदक’, ‘मखर’, ‘गौरी साडी’ असे शब्द तपासावेत. तिथला १०० हा आकडा म्हणजे निवडलेल्या काळातलं सर्वांत उंच टोक. प्रत्यक्ष किती लोकांनी शोधलं ते त्यातून कळत नाही. आपल्याला हवा असतो तो चढाचा आकार. कुठला शब्द तीन आठवडे सावकाश चढतो आणि कुठला एका रात्रीत उसळून खाली येतो, एवढं समजलं तरी पुष्कळ.

कामागणिक ही वेळ कशी बदलते ते पाहा. मखर, शाडूची मूर्ती, कागदाची सजावट यांचे प्रेक्षक तीन आठवडे आधीपासून येतात, कारण सामान आणायचं असतं आणि मधला शनिवार-रविवार हाताशी असतो. चकलीची भाजणी दळून आणावी लागते, तिला दिवाळीआधीचे दहा-पंधरा दिवस. शंकरपाळी, चिवडा, शेव यांना शेवटचा आठवडा पुरतो. हरतालिकेची मेंदी आदल्या संध्याकाळी शोधली जाते, दारातली रांगोळी त्याच पहाटे. उखाणे मात्र वेगळ्याच चालीने चालतात. संक्रांतीला सुरू झालेलं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत टिकतं, त्यामुळे तो व्हिडिओ सण झाल्यावरही चालत राहतो. परदेशी पाठवायच्या फराळाची घडी सगळ्यांत आधीची. अमेरिकेतल्या लेकीला डबा दिवाळीआधी मिळायचा तर पार्सल खूप आधी निघतं. या व्हिडिओच्या थंबनेलवर ताट, पणती आणि रांगोळी मांडणं म्हणजे विषयच चुकवणं. तिथे हवा उघडा खोका, हवा काढून बंद केलेली पाकिटं आणि न मोडलेल्या चकल्या. आईची काळजी ‘पोचेपर्यंत मोडणार तर नाही ना’ ही असते, पदार्थ तिला येतोच.

एक उदाहरण जवळून पाहू, उकडीच्या मोदकाचं. मराठी खाद्यव्हिडिओंत याच्याइतकी दाटी दुसऱ्या कशाभोवती होत असेल असं मला वाटत नाही. कृती कुणालाच नवी नसते. तांदळाची पिठी, उकड, ओला नारळ, गूळ, वेलची. तरीही लोक दर वर्षी शोधतात, कारण वर्षातून एकदाच केलेल्या कामाला हात विसरतो. अशा पदार्थाच्या एकाच व्हिडिओसाठी चतुर्थीच्या आधी तीन वेगळी थंबनेलं तयार ठेवणं माझ्या मते शहाणपणाचं.

पहिलं दोन-तीन आठवडे आधीचं. बघणारी अजून निवांत आहे, ‘यंदा घरीच करू या का’ असं तिच्या मनात घोळतंय. तिला शेवट दाखवावा. केळीच्या किंवा हळदीच्या पानावर तीन मोदक, त्यातला एक मोडलेला, आत सारण दिसणारा. एकवीस नकोत. प्रत्यक्ष ताटात एकवीस मोदक भरगच्च शोभतात, फोनवरच्या छोट्या चौकटीत ते पांढरे ठिपके होतात.

दुसरं शेवटच्या आठवड्यातलं. आता नारळ घरात आला आहे, करायचं ठरलं आहे. इथे हात हवेत. अंगठा पारीच्या आत, दोन बोटं बाहेरून चिमटीत पाकळी काढताहेत, दोन-तीन पाकळ्या झालेल्या आणि बाकी कड अजून सपाट. हे चित्र ‘कसं’ या प्रश्नाचं आहे, त्यामुळे मूर्ती, निरांजन, झेंडू सगळं चौकटीबाहेर. पाकळी हेच नाट्य.

तिसरं चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपासूनचं. स्वयंपाकघरात कुणाची तरी उकड चिरते आहे, कुणाचा मोदक वाफेत फुटला आहे. हाताला पीठ लागलेलं, फोन कोपराने पुढे सरकवला जातोय. ती वाचत नाही, स्वतःची अडचण शोधते. डावीकडे फुटलेला मोदक, उजवीकडे नीट उकडलेला, मध्ये काही नाही. शब्द दोनच, ‘उकड चिरतेय?’ अर्थात व्हिडिओत याचं उत्तर असायला हवं आणि तेही पहिल्या मिनिटात. नसेल तर हे थंबनेल लावू नये.

फोटोचं तंत्र इथे महत्त्वाचं आहे. पांढऱ्या उकडीवर फोनचा कॅमेरा चटकन फसतो. मोदक शुभ्र दिसला की पाकळ्यांच्या रेषा पुसल्या गेल्या असं समजावं. उजेड थोडा उतरवून, मोदक जरा करडा दिसेल इतपत ठेवला तर कळ्या उठतात. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली सगळं सपाट होतं. खिडकीतून एका बाजूने येणारा सकाळचा उजेड प्रत्येक पाकळीला स्वतःची सावली देतो. वाफ हवी असेल तर मागे गडद रंग आणि उजेडही मागून, नाहीतर ती दिसतच नाही. अॅपमधून चिकटवलेली वाफ बहुतेक वेळा धुरासारखी दिसते आणि मोदक जळल्याचा भास होतो. तूप शेवटच्या क्षणी सोडावं, धार मोदकाच्या टोकावरून ओघळत असतानाच फोटो घ्यावा.

चौकटीचं प्रमाण ठरलेलं आहे. १६:९, उदाहरणार्थ रुंदी १२८० आणि उंची ७२० पिक्सेल. पण खालचा उजवा कोपरा आपला नाही, तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओच्या थंबनेलला तळाशी लाल पट्टीही येते. मूर्तीची पावलं, समईचा पाया, पदार्थाचं नाव यांपैकी काहीही तिथे ठेवलं की झाकलं जातं. पावलांवर ‘१२:४०’ छापलेलं पाहून टोकणारे प्रेक्षक आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही. गौरींच्या बाबतीत आणखी जपावं. मुखवटे झाकून आणण्याची, आवाहनाआधी मांडून न दाखवण्याची रीत कितीतरी घरांत आहे. साडी नेसवण्याच्या व्हिडिओला मुखवटा लागतही नाही. निऱ्या, पदर आणि कोथळा एवढं दाखवलं की काम भागतं.

चित्र झालं की ते एकट्याने पाहू नये. ‘उकडीचे मोदक’ असा शोध घेऊन फोनवर येणाऱ्या निकालांचा स्क्रीनशॉट काढावा आणि त्यातल्या एका चौकटीत आपलं चित्र बसवावं. मग फोन हात लांब करून धरावा. एकटं असताना झकास वाटलेलं चित्र शेजाऱ्यांत हरवतं की नाही हे लगेच कळतं.

बहुतेक वेळा हरवतं ते रंगामुळे. गणेशोत्सवात सगळा पडदा झेंडूच्या पिवळ्या-केशरी रंगाने भरून जातो. त्यात आणखी एक केशरी चौकट म्हणजे नसल्यासारखीच. मोदकाला पानाचा हिरवा रंग तारतो. दिवाळीत काळोख आणि पणत्या असतात, पण फोन डार्क मोडवर असेल तर काळ्या पार्श्वभूमीच्या थंबनेलच्या कडा पडद्यात विरघळतात आणि मध्ये काही ठिणग्या तेवढ्या तरंगत राहतात. आकाशकंदील तिन्हीसांजेला, आभाळ अजून गडद निळं असताना टिपावा, कड शाबूत राहते. संक्रांतीने तर चित्रकाराचं निम्मं काम करून ठेवलं आहे. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने, याहून ठळक विरोध कुठला? बोरन्हाणाच्या मुलाचा चेहरा त्यात आला की शब्दांची गरजही उरत नाही. तिळाचे लाडू मात्र अवघड. तपकिरी लाडू, तपकिरी पाट, पितळेचं ताट असं सगळं एकात एक मिसळतं. पांढरी बशी घ्यावी आणि गप्प बसावं.

शब्द लिहायचे तर थोडे. देवनागरी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत रोमन अक्षरापेक्षा आपलं अक्षर बारीक लिहावं लागतं. इंग्रजीतल्या थंबनेलवर पाच शब्द मावतात म्हणून मराठीतही मावतील असं नाही. त्यात अक्षराला जाड काळी किनार देण्याची फॅशन. ‘ष्ट’, ‘ट्ट’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या फटी त्या किनारीने बुजतात आणि ‘घट्ट दही’ हा काळा डाग होतो. किनारीऐवजी अक्षरामागे सपाट रंगाची पट्टी द्यावी. फॉन्टसाठी पैसे मोजावेच लागतात असं नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे, त्यात जाड-बारीक वजनं आहेत आणि लहान आकारातही तो फुटत नाही. एक गोष्ट आवर्जून तपासावी. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवले आहेत, पण मोबाइलवरच्या पुष्कळ अॅपमध्ये हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आपोआप येतो. ‘लाडू’, ‘चकली’ या शब्दांत तो लगेच दिसतो. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नसेल, पण हा व्हिडिओ आपल्याकडचा नसावा असं त्याला वाटून जातं.

तीन थंबनेलं तयार आहेत, मग यूट्यूबलाच निवडू द्यावं का? तशी सोय आहे. २०२४ मध्ये टेस्ट अँड कंपेअर नावाने आलेल्या या सोयीत एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं लावून चाचणी घेता येते. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि कुठल्या चित्रामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला यावर विजेता ठरवतं, नुसत्या क्लिकवर नाही. ही पद्धत चांगली आहे, पण निकालाला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. चतुर्थीच्या आठवडाभर आधी लावलेल्या चाचणीचा निकाल लागेपर्यंत पुष्कळ घरांतले बाप्पा गावाला गेलेले असतात. शिवाय आपली तीन चित्रं एकमेकांची स्पर्धक नाहीतच, ती तीन वेगळ्या दिवसांची आहेत. त्यांची सरासरी काढून उपयोग काय? म्हणून चाचणी श्रावणात उरकावी. नागपंचमीची दिंडं, नारळी पौर्णिमेचा नारळीभात यांच्यावर ‘हात की ताट’, ‘चेहरा की पदार्थ’, ‘शब्द की बिनशब्द’ असे प्रश्न तपासावेत आणि आपल्या प्रेक्षकाची आवड समजून भाद्रपदात स्वतःच्या हाताने थंबनेल बदलावं. बदल दोन-तीनदाच आणि प्रत्येक बदलाची वेळ वहीत लिहून. रोज बदललं तर काय कशामुळे झालं याचा पत्ता लागत नाही.

व्हॉट्सअॅपचं गणित निराळं. सोसायटीच्या ग्रुपवर किंवा माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओची लिंक गेली की तिच्याबरोबर त्या क्षणीचं थंबनेलही जातं आणि नंतर आपण यूट्यूबवर काही बदललं तरी आधीच्या निरोपातलं चित्र तसंच राहतं. फुटलेल्या मोदकाचं चित्र लावून व्हिडिओ पहिल्याच दिवशी ग्रुपवर सोडला तर महिनाभर तेच फिरत राहील. शिवाय लिंकबरोबरचं चित्र कधी रुंद तर कधी लहान चौरस दिसतं आणि चौरसात मधलाच भाग उरतो. म्हणून मुख्य गोष्ट मध्यावर.

थंबनेलवर साल लिहावं की नाही यावर वाद आहे. माझं मत असं की पदार्थावर साल कधीच लिहू नये. ‘चकली २०२४’ला काही अर्थ नाही आणि पुढच्या वर्षी तोच उत्तम व्हिडिओ शिळा दिसतो. हंगामी व्हिडिओची खरी कमाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असते. नवरात्राचे नऊ रंग मात्र सालाला बांधलेले आहेत. घटस्थापनेच्या वारावरून रंगांचा क्रम सुरू होतो, म्हणून २०२४ मध्ये गुरुवारी पहिला रंग पिवळा आला आणि २०२५ मध्ये सोमवारी पांढरा. तिथे साल नसेल तर लोकांना चुकीच्या दिवशी चुकीची साडी नेसवल्याचं पाप लागेल. मुहूर्ताच्या व्हिडिओंनाही साल हवंच. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला की २१ला, असा घोळ दोन वर्षं लागोपाठ झाला. अशा वेळी थंबनेलवर भलंमोठं प्रश्नचिन्ह टाकून ‘कधी आहे लक्ष्मीपूजन?’ असं विचारण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण उत्तर चित्रातच दिलं तर क्लिक कोण करणार, अशी भीती वाटते. मी म्हणेन, तारीख चित्रावर ठळक छापा. तारखेपुरतंच आलेला माणूस तसाही थांबणार नव्हता. ज्याला मुहूर्ताची वेळ, पूजेची मांडणी आणि दोन पंचांगांतल्या फरकाचं कारण हवं आहे तो छापलेली तारीख पाहून उलट विश्वासाने आत येतो.

अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो. गणपतीच्या थंबनेलचा साचा तसाच ठेवून, झेंडूची किनार आणि सोनेरी अक्षरं घेऊन श्राद्धाच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ येतात तेव्हा ते फार विचित्र दिसतं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, पान मांडण्याची पद्धत एवढंच साधेपणाने दाखवावं. हे व्हिडिओ पाहणाऱ्याच्या घरात कुणीतरी नुकतंच गेलेलं असू शकतं. पंधरा दिवसांनी नवरात्राचे रंग पुन्हा आहेतच.

राहता राहिली एक व्यावहारिक अडचण. ऑगस्टच्या सुरुवातीला थंबनेल करायचं तर मखरातली मूर्ती कुठून आणायची? गौरींचा फुलोरा, दारातला कंदील, सावलीत पसरलेलं अनारशाचं कापड हे सगळं आधी मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या वर्षीच्या थंबनेलचे फोटो याच वर्षीच्या सणात काढून ठेवणं. आरती, पाहुणे, स्वयंपाक यांच्या गडबडीत हे कुणालाच सुचत नाही, म्हणून यादी आधी करावी. मोदक वळणारे हात, फुटलेला एखादा मोदक, रिकामं मखर, सजलेलं मखर, गौरींचे पदर, फराळाचा उघडा डबा. प्रत्येक फोटो आडवा आणि एका बाजूला मोकळी जागा ठेवून, कारण शब्द नंतर तिथेच बसणार आहेत. फुटलेला मोदक चटकन खाऊन टाकण्याची घरातल्यांना सवय असते, तेवढा मात्र आधी सांगून बाजूला ठेवायला हवा.